अंधारातले माप

शेवंड खावी की खाऊ नये, हा आपल्या समाजातला जुना वाद आहे. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे बहुतांशी हनफी. शाफई मजहबात समुद्रातले जवळजवळ सगळेच जीव खाण्याची मुभा आहे. हनफी मजहबात मासळी तेवढी हलाल मानतात, आणि शेवंड ही काही मासळी नव्हे. कोळंबीबद्दल तर खुद्द हनफी उलेमांतही एकमत नाही. त्यामुळे रत्नागिरीची मुलगी साताऱ्याला किंवा सोलापूरला दिली, की हा प्रश्न लवकरच चुलीपर्यंत येतो. थट्टामस्करी होते, कधी रुसवेफुगवेही होतात, आणि शेवटी ज्याने त्याने आपल्या मजहबाप्रमाणे वागावे यावर मिटते. ते योग्यच आहे.

पण या वादात एक गोष्ट राहून जाते. आपण ताटात आलेल्या जिवाबद्दल बोलतो. तो ताटापर्यंत कसा आला, किती लहान असताना धरला गेला, त्याच्या पोटाखाली अंडी होती का, हे कोणी विचारत नाही. बकऱ्याच्या बाबतीत तो कोणी कापला, कसा कापला, अल्लाहचे नाव घेतले की नाही, हे सगळे आपण पाहतो. समुद्रातल्या मासळीला जबह लागत नाही. म्हणून की काय, तिथे आपली चौकशीच संपते. जबहची अट नाही, म्हणजे जबाबदारीचीही अट नाही, असे समजायचे का?

या प्रश्नाचा विचार करताना आम्ही मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेतो. आपल्या किनाऱ्यावर भूक, कर्ज, स्पर्धा आणि व्यापार यांचा मोठा गुंता आहे. त्या गुंत्यात मूळ प्रश्न दिसेनासा होतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर मात्र शेवंड धरण्याची अशी एक रीत आहे, की त्या वेळी माणूस, जीव आणि नियम एवढे तिघेच उरतात.

तिथली शेवंड आपल्या शेवंडीच्याच कुळातली आहे. तिला मोठ्या नांग्या नसतात. लांब काटेरी मिशा आणि काटेरी पाठ हेच तिचे संरक्षण. दिवसा ती खडकांच्या कपारीत बसते आणि रात्री चरायला बाहेर पडते. म्हणून तिला धरणारेही रात्रीच निघतात. सॅन डिएगो, डॅना पॉइंट अशा ठिकाणचे हौशी लोक कयाक नावाची, एका माणसाची, वल्ह्याने चालणारी अरुंद होडी पाण्यात लोटतात. ऑक्टोबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत हा हंगाम असतो. पाणी थंड, लाटा अनोळखी, आणि उजेड म्हणाल तर डोक्याला बांधलेल्या बत्तीचा.

जाळे अगदी साधे असते. लोखंडी कडीला बांधलेली जाळी, मधोमध तेलकट मासळीचे तुकडे, वर दोरी आणि दोरीला तरंगता गोळा. आपल्या खाड्यांत कुर्ल्या धरायला अशीच कडी वापरतात, त्यामुळे कोकणातल्या वाचकाला ती नवी वाटणार नाही. जाळे तळाशी गेले की सपाट पसरते. शेवंड येते, खाते, आणि मनात आले तर निघूनही जाते. तिला अडवणारे काही नसते. वीस-तीस मिनिटांनी माणूस परत येतो आणि दोरी भराभर ओढतो, तेव्हा कुठे कडी उचलली जाऊन जाळ्याची पिशवी होते. म्हणजे माणूस हजर नसेल तर शिकारही नाही.

या शिकारीचे नियम कडक आहेत. एका माणसाला पाचच जाळी. दोन तासांहून जास्त वेळ जाळे तपासल्यावाचून पाण्यात ठेवायचे नाही. जवळ सातपेक्षा जास्त शेवंडी बाळगायच्या नाहीत. हौसेने धरलेली शेवंड विकायची नाही. २०१७ पासून तर ठेवलेल्या प्रत्येक शेवंडीच्या शेपटीच्या मधल्या पात्याला भोक पाडावे लागते किंवा ते पाते कापावे लागते, म्हणजे ती बाजारात गेली तर ओळखू यावी. २००८ पासून प्रत्येकाला एक नोंदपत्र बाळगावे लागते. कुठे गेलो, कोणते साधन वापरले, किती ठेवल्या, हे त्यात स्वतःच्या हाताने लिहायचे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम मापाचा. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीच्या कवचाच्या शेवटापर्यंत सरळ रेषेत सव्वातीन इंच भरले पाहिजेत. त्याहून कमी भरली तर शेवंड ताबडतोब पाण्यात सोडायची.

या सव्वातीन इंचांमागे हिशेब आहे. एवढी वाढ व्हायला त्या जिवाला सात वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. तोवर मादीने निदान एकदा तरी अंडी दिलेली असावीत, हा मापाचा हेतू.

आता तो क्षण डोळ्यांपुढे आणा. मध्यरात्र उलटलेली. जाळे वर आले, त्यात एकच शेवंड. मापपट्टी लावली तर केसभर कमी. आजूबाजूला कोणी नाही. तपासनीस असलाच तर किनाऱ्यावर, तोही रोज नसतो. थंडीने बोटे बधिर झाली आहेत, आणि घरी सांगून आलो आहोत की आज नक्की आणतो. अशा वेळी मनात जो विचार येतो, तो हाच: मी सोडली तर पुढचा नेईलच की!

हा विचार मूर्खपणाचा नाही. त्यात खरेपणा आहे म्हणूनच तो फसवतो. खरोखरच पुढचा माणूस ती नेण्याची शक्यता आहे. एवढेच नव्हे, आपण सोडलेल्या मादीच्या अंड्यांचा आपल्याला उपयोग होईल याचीही हमी नाही. शेवंडीची पिल्ले अंड्यातून निघतात तेव्हा पानासारखी चपटी, काचेसारखी पारदर्शक असतात आणि कित्येक महिने खुल्या समुद्रात वाहत राहतात. सॅन डिएगोजवळ सोडलेल्या मादीचे पिल्लू पुढे मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागू शकते. म्हणजे सोडणाऱ्याचे नुकसान आजचे आणि नक्की, तर फायदा उद्याचा, अनिश्चित, आणि बहुधा परक्याचा. फायद्यातोट्याच्या वहीत हा व्यवहार बसतच नाही.

मग सोडावी कशासाठी?

आमच्या मते उत्तर ‘पुढचा माणूस’ या शब्दांतच आहे. आपण ज्याला पुढचा माणूस म्हणतो तो कोणी चोर नव्हे. आपल्या आधी जो येऊन गेला, त्याच्या दृष्टीने पुढचा माणूस आपणच आहोत. आज आपल्या जाळ्यात चार इंचांची शेवंड आली, ती कधीतरी तीन इंचांची होती. त्या वेळी कदाचित ती कोणाच्या तरी हातात आली असेल, आणि त्यानेही अंधारातच मापपट्टी लावली असेल. त्याच्याही मनात पुढच्या माणसाचा विचार आला असणार. तरीही त्याने ती सोडली, म्हणून आज ती आपल्यापर्यंत पोचली. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आपले त्याला नाही. पण त्याच्या संयमाचे फळ आपण घेतो आहोत. केसभर कमी असलेली शेवंड सोडणे ही मेहेरबानी नाही. ती घेतलेल्या उसनवारीची परतफेड आहे, फक्त ज्याच्याकडून घेतले त्याला परत न करता पुढच्याला करायची.

लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, या आशयाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात झाड लावणाऱ्याने फळ कोण खाणार याची चौकशी केल्याचे कुठे येत नाही.

समुद्र, जाळे आणि नियम यांची एक जुनी कथा कुरआनच्या सूरह आराफमध्ये आहे. समुद्रकाठच्या एका वस्तीला शनिवारी मासेमारी मना होती, आणि मासे नेमके शनिवारीच पाण्यावर येत. इतर दिवशी दिसत नसत. ती त्यांची परीक्षा होती. तफसीरकार सांगतात, की त्यांच्यातल्या काहींनी युक्ती केली. शुक्रवारी जाळी लावून ठेवायची आणि रविवारी काढायची. शनिवारी आम्ही कुठे मासे धरले, असे म्हणायला मोकळे! नियमाचे अक्षर शाबूत राहिले आणि नियमाचा जीव गेला. या कथेतले वस्तीचे तीन गट लक्षात घेण्यासारखे आहेत. एक मोडणारे, दुसरे समजावणारे, आणि तिसरे त्या समजावणाऱ्यांनाच विचारणारे, की अशांना सांगून उपयोग काय? ‘पुढचा नेईलच की’ म्हणणारा माणूस या तिसऱ्या गटाच्या अगदी शेजारी उभा आहे. तोही फार मोठा गुन्हा करत नाही. जगाच्या वाईटपणाचा दाखला देऊन तो आपला हात मोकळा करून घेतो, एवढेच.

येथपर्यंत आमचे म्हणणे पटले, तरी आपल्या किनाऱ्यावरचा वाचक एक रास्त हरकत घेईल. कयाकमधल्या त्या माणसाला पगार आहे. शेवंड मिळाली नाही तर तो घरी जाऊन दुसरे काही खाईल. त्याने नियम पाळला यात विशेष काय? मिरकरवाड्यातल्या किंवा राजिवड्यातल्या खलाशाला हे प्रवचन कोणत्या तोंडाने द्यायचे? डिझेलची उधारी, होडीचे हप्ते, आणि दिवसभर ओढूनही निम्मे रिकामे जाळे. शिवाय ट्रॉलरच्या जाळ्यात लहानमोठे सगळे एकदमच वर येते आणि त्यातले बरेच मेलेले असते. मेलेली शेवंड माप लावून सोडली काय आणि न सोडली काय!

ही हरकत आम्हाला मान्य आहे, आणि म्हणूनच पुढचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कयाकवाल्याला मोह लहान असतो, म्हणून त्याचे पुण्यही लहान. पण त्याने नियम मोडला तर त्याला कसलीच सबब उरत नाही. उपाशी माणसाचे याच्या उलट. मात्र समुद्र सबबी मोजत नाही. मुंबईच्या समुद्रात पूर्वी चपटी शेवंड भरपूर मिळे. ट्रॉलरच्या जाळ्यांनी लहानांसह आणि अंडीवाल्या माद्यांसह ती इतकी उपसली, की १९९४ पर्यंत तिची मासेमारी कोसळली. ती नेणाऱ्यांत गरजू किती आणि लोभी किती, याने त्या शेवंडीला काहीच फरक पडला नाही. भुर्दंड मात्र सगळ्यांत जास्त गरजूलाच बसला. त्याच्याजवळ दुसरा धंदा नव्हता.

तेव्हा जिथे भूक आहे तिथे संयमाचा भार भुकेल्याने एकट्याने उचलावा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो भार वर सरकला पाहिजे: जाळ्याच्या डोळ्यांचा आकार ठरवणाऱ्या मालकाकडे, माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडे, आणि पैसे मोजून खाणाऱ्या आपल्याकडे. केंद्र सरकारने २००३ मध्ये शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजने ठरवली. आपल्याकडे मिळणाऱ्या काटेरी शेवंडीला ३०० ग्रॅम, चपटीला १५० ग्रॅम. पण तो नियम निर्यातीपुरता. परदेशी गिऱ्हाइकासाठी जी शेवंड लहान ठरली, ती स्थानिक बाजारात येऊ नये असे त्याने म्हटले नव्हते. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनानेही मासळीच्या अनेक जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. हे चांगलेच झाले. पण प्रत्येक बंदरावर आणि प्रत्येक टोपलीजवळ मापपट्टी घेऊन सरकार उभे राहू शकत नाही. जिथे सरकारचा हात पोचत नाही, तिथे माणसाची नियत पोचते किंवा काहीच पोचत नाही.

पावसाळ्यात जून-जुलैची मासेमारीबंदी आपण पाळतोच. आपल्या वाडवडिलांनीही ते दिवस होड्या वर ओढूनच काढले. म्हणजे थांबणे ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही. ती फक्त दोन महिन्यांपुरती ठेवू नये, एवढेच आमचे म्हणणे. मादीच्या पोटाखाली अंड्यांचा नारिंगी किंवा तपकिरी घोस उघड्या डोळ्यांना दिसतो. बाजारात अशी शेवंड समोर आली, किंवा वीतभरही नसलेली आली, तर ती न घेणे आपल्या हातात आहे. विकणारी बाई म्हणेल, ‘तुम्ही नाही घेतली तर दुसरा घेईल.’ ते खरेही असेल. तिच्याशी भांडू नये. मोठी असेल तर द्या म्हणावे आणि चार पैसे जास्त मोजावे. गिऱ्हाइके असेच मागू लागली तर ती बाई होडीवाल्याला सांगेल, आणि होडीवाल्याला तिचे ऐकावे लागेल. तपासनिसाचे तो एक वेळ ऐकणार नाही.

जमातीच्या बैठकांत शेवंड हलाल की मकरूह यावर पुढेही बोलले जाईल. बोलावेच. त्याच बैठकीत कोणीतरी हेही विचारावे, की आपल्या बंदरात आलेल्या शेवंडींत लहान किती होत्या, अंडीवाल्या किती होत्या, आणि त्या कोणी विकत घेतल्या.