कोरडा हंडा

होळीची राख अंगणातून पुरती झाडून होत नाही तोच बीज येते. फाल्गुन वद्य द्वितीया. तुकोबारायांच्या वैकुंठगमनाचा दिवस. ज्यांना जमते ते देहूला जातात, बाकीचे गावच्या मंदिरात भजन करतात. आमचे गाव माळशिरस तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर. या दिवसांत आमच्याकडे ज्वारीची काढणी उरकलेली असते, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात, हरभऱ्याच्या रानात नुसता भुसा उरलेला असतो. पहाटे अजून अंगावर घोंगडे लागते, पण दहाच्या उन्हात पाय भाजतात. लिंबाला तांबूस पालवी फुटते, आंब्याचा मोहोर गळून बारीक कैऱ्या दिसू लागतात, आणि विहिरीची एकेक पायरी उघडी पडत जाते.

याच दिवसांत टिटवी मोकळ्या रानात अंडी घालते. काडी नाही, कापूस नाही, घरटे म्हणावे असे काही नाही. चार खड्यांत चार अंडी, तीही खड्यांच्याच रंगाची. नांगर घेऊन गेलेला माणूस तिच्या ओरडण्यावरून ओळखतो आणि तेवढी जागा सोडून नांगरतो. तिथेच बांधावर मुंग्यांची रांग चाललेली असते, ज्वारीचा एकेक दाणा वारुळात नेणारी. एक जीव काहीच साठवत नाही, दुसरा सारा उन्हाळा साठवणीत घालवतो. दोघांनाही देवानेच निर्माण केले आहे. म्हणून साठवणे हेच पाप, असे मला सरसकट म्हणता येत नाही. मग पाप कुठे सुरू होते? यंदा बीजेपासून चैत्री एकादशीपर्यंत या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. त्याचीच ही कथा.

मला जुन्या वस्तूंचा नाद आहे. शेती मुलाच्या हाती दिल्यापासून तो वाढला. घराच्या पडवीत मी तीन फळ्या ठोकल्या आणि त्यांवर एकेक वस्तू मांडत गेलो. पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे अशी धान्य मोजायची सारी मापे माझ्याकडे आहेत. १९५८ पासून देशात किलो-लिटर येऊ लागले आणि ही मापे हळूहळू अडगळीत गेली. भोकाचा पैसा आहे, एक आणा आहे. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते, १९५७ साली शंभर नवे पैसे झाले, हे मी नातवंडांना ती नाणी हातात देऊन सांगतो. कंदील आहेत, अडकित्ते आहेत, मोटेचे लोखंडी कडे आहे. भिंतीवर आमच्या शेवटच्या खिलार बैलाची घुंगुरमाळ आहे, दर दिवाळीला चिंच लावून घासलेली. आणि मधल्या फळीवर एक तांब्याचा हंडा, ठोक्याचा, जुन्या कारागिराच्या हातचा. पाहुणा आला की त्याची नजर आधी त्या हंड्यावर जाते.

यंदा बीजेचे भजन झाल्यावर आमच्या दिंडीचे विणेकरी घरी चहाला आले. पडवीत बसले, सगळे पाहिले. मी कौतुकाने एकेक वस्तू काढून दाखवत होतो. ते घुंगुरमाळेजवळ थांबले, हात लावून एकदा ती वाजवली आणि म्हणाले, "माउली, माळ आहे. बैल कुठं आहे?"

त्यांनी सहज विचारले होते. मी म्हणालो, "ट्रॅक्टर घेतला तेव्हा विकला." त्यांनी मान हलवली आणि चहा घेतला. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या बैलाने चौदा वर्षे आमचे रान ओढले होते. शेवटी त्याचा मागचा पाय लंगडू लागला. वैरणीचा खर्च जड जातो म्हणून मी त्याला बाजारात नेला. व्यापाऱ्याने कासरा हातात घेण्याआधी मी त्याच्या गळ्यातली माळ काढून घेतली, कारण पितळ चांगले होते. बैल कुणाच्या दावणीला गेला, कसा गेला, हे मी कधी विचारले नाही. घुंगुरमाळ ठेवली आणि बैल विकला. आठवण सांभाळली आणि ज्याची आठवण, त्याला सोडून दिले.

आपल्या संप्रदायातही जुन्याचा सांभाळ आहेच. तुकोबाराय तेरा दिवस ज्या शिळेवर बसले ती शिळा देहूत आहे. गोपाळपूरला जनाबाईंचे म्हणून जाते दाखवतात आणि बायाबापड्या त्याला हात लावून जातात. जुन्नर तालुक्यात आळे येथे तर ज्ञानोबारायांनी ज्याच्या मुखी वेद वदवला त्या रेड्याची समाधी आहे. तिथे माझे मन अडले. पखालीचे ओझे वाहणारे जनावर. संतांनी त्याला शेवटपर्यंत सोबत ठेवले आणि त्याचा देह पडला तिथे त्याला समाधी दिली. मी माझ्या जनावराचा दागिना भिंतीवर लावला होता. दोन्हीला आपण जतन हाच शब्द वापरतो, पण दोन्ही एक नव्हेत.

बीजेच्या कीर्तनात बुवांनी एक प्रसंग सांगितला होता. आपण सर्वांनी तो अनेकदा ऐकलेला आहे. तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. १६३० च्या सुमाराचा मोठा दुष्काळ त्यांनी पाहिला, त्यात घरची माणसे गेली. पुढे त्यांनी कर्जाची खते बाहेर काढली. त्यांतली निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची म्हणून दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. त्याच इंद्रायणीत पुढे अभंगांच्या वह्याही गेल्या, आणि त्या मात्र तेराव्या दिवशी वर आल्या. नदी एकच. खते गिळली आणि वह्या परत दिल्या. खतात एका माणसावर दुसऱ्याचा हक्क लिहिलेला होता. वह्यांमध्ये जे होते ते सगळ्यांचे होते.

मी अंथरुणावर पडून याचाच विचार करत होतो आणि एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. तुकोबारायांनी बुडवले ते आपले येणे. लोकांचे देणे त्यांनी बुडवले नाही, भावाचा वाटाही बुडवला नाही, तो मोजून त्याच्या हाती दिला. आम्ही प्रापंचिक नेमके उलटे करतो. कुणाकडून काय यायचे ते वर्षानुवर्षे पाठ असते आणि आपण कुणाचे काय लागतो ते सोयीने विसरतो. येणे बुडवावे, देणे बुडवू नये, एवढाच त्या प्रसंगाचा अर्थ मला त्या रात्री लागला. आणि लागला तसा डोळ्यांपुढे बैलाबरोबर हंडाही उभा राहिला.

तो हंडा आमच्या शेजारच्या काकींचा. चार वर्षांपूर्वी त्यांना नातवाच्या शाळेसाठी पैशांची नड होती. मोडीवाला गल्लीत आला होता आणि त्या हंडा घेऊन दारात उभ्या होत्या. मी पुढे झालो आणि म्हणालो, "काकी, त्याला कशाला देता? मी घेतो." हंडा काट्यावर घातला, नऊ किलो भरला, मोडीचा भाव मोजून दिला. काकींना वाटले, शेजारधर्म केला. पण पुण्याच्या जुन्या बाजारात मी फिरलेलो होतो. अशा ठोक्याच्या हंड्याला मोडीच्या दुप्पट-तिप्पट मिळतात हे मला ठाऊक होते, काकींना नव्हते. पुढे हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने तो शोभेला मागितला. त्याने भिंतीत बैलगाडीची चाके बसवली होती, दारात जाते ठेवून त्यात फुलझाड लावले होते. मी हंडा दिला नाही. आपण वाडवडिलांची वस्तू विकली नाही याचा मला अभिमानही वाटला. वाडवडील काकींचे होते, हे मात्र तेव्हा सुचले नाही.

कुणी म्हणेल, यात चुकले काय? मोडीवाल्याने हंडा वितळवला असता, मी तो वाचवला. हे खरेच आहे. अशा नादी माणसांनी किती वस्तू वाचवल्या आहेत! पुण्याचे दिनकर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी जमवत राहिले. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने त्यांनी हजारो वस्तूंचे संग्रहालय उभे केले आणि अखेर ते शासनाच्या स्वाधीन केले. आज कुणीही जाऊन आपल्या पणजीच्या चुलीजवळचे भांडे तिथे पाहू शकतो. तोही संग्रहच. पण तो घराबाहेर पडून सर्वांचा झाला. मधमाशीचे मोहोळ असेच असते, साठवण सगळ्या पोळ्याची, एकटीची नव्हे. माझ्या फळीवरचा हंडा मी वितळण्यापासून वाचवला, आणि माझ्या कौतुकासाठी कोरडा ठेवला.

बीजेनंतर चौथ्या दिवशी नाथषष्ठी. त्या दिवशी पैठणची आठवण येते आणि पैठण म्हटले की नाथांची कावड. गंगेचे पाणी रामेश्वराला वाहायचे म्हणून केवढ्या लांबून आणलेले. एक थेंब सांडू नये म्हणून जपलेले. वाटेत वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतले. तिथेच रामेश्वर पावला, असे आपण म्हणतो. या गोष्टीत गाढवावरची दया तर आहेच, पण मला यंदा त्यात जपण्याविषयी काही दिसले. नाथांनी ते पाणी मनापासून जपले होते. जपले नसते तर त्या क्षणी द्यायला हातात काही नसते. जपावे ते द्यायच्या वेळी हाती असावे म्हणून. द्यायची वेळ आली आणि हात आखडला, तर आधीचे सारे जपणे फुकट.

षष्ठीच्या संध्याकाळी मी हंडा घेऊन काकींच्या दारात गेलो. त्या सुपात हरभरा पाखडत होत्या. मी खाली बसलो आणि सगळे सांगितले, भाव ठाऊक होता हेसुद्धा. सांगताना जीभ जड झाली होती. उरलेले पैसे पुढे ठेवले. मला वाटले होते, त्या म्हणतील राहू दे. त्या तसे म्हणाल्या नाहीत. त्यांनी सूप बाजूला ठेवले, पैसे मोजले, पदराच्या गाठीला बांधले आणि म्हणाल्या, "पोराची फी भरायचीच हाय." त्यांनी पैसे घेतले याचे मला पुढे फार बरे वाटले. ते त्यांचेच होते. नको म्हणाल्या असत्या तर मी दाता होऊन घरी आलो असतो, आणि देणेकऱ्याने दाता व्हावे यासारखे ढोंग नाही.

हंडा मात्र त्यांनी घेतला नाही. "सासूबाई आषाढात ह्यो हंडा भरून वाटंवर बसायच्या," त्या म्हणाल्या. "दिंड्या जाईपातूर इहिरीवरनं खेपा घालायच्या. माझ्यानं आता उचलत न्हाई. तुमच्याकडंच ठिवा, तात्या. पर कोरडा ठिवू नगा."

मी चार वर्षे तो हंडा पाहुण्यांना दाखवत होतो. किती जुना, किती वजनाचा, कुठल्या घडणीचा, हे सांगत होतो. त्याने काय केले होते, हे मी एकदाही विचारले नव्हते.

पाडव्याच्या दिवशी रस्त्याकडेच्या लिंबाखाली हंडा मांडला. चैत्रात पाणपोई घालायची आपली रीतच आहे. शिंगणापूरला जाणाऱ्या कावडी, चैत्री वारीला निघालेली पायी माणसे, दुपारी शाळेतून येणारी मुले त्यातले पाणी पितात. उरलेले पाणी संध्याकाळी बाजूच्या दगडी डोणीत ओततो. तिथे साळुंख्या येतात, गावची दोन कुत्री येतात, मेंढरे उठली की एखादे चुकार कोकरू येते. हंड्याला आता रोज बोटांचे डाग पडतात. पूर्वी मी त्याला चिंच लावून घासत असे तेव्हा तो अधिक देखणा दिसत होता, हेही कबूल करतो.

बैलाचे मात्र काही करता आले नाही. सगळी देणी फेडता येतात, असे नाही. घुंगुरमाळ मी काढली नाही, घासायची मात्र सोडून दिली आहे. ती काळी पडत चालली आहे. पाहुण्याने विचारले तर आता वजन सांगत नाही. हा आमचा बैल होता, चौदा वर्षे राबला आणि आम्ही त्याला म्हातारपणी सांभाळले नाही, एवढे सांगतो. माझ्या देण्याचे ते एक खत आहे. ते इंद्रायणीत सोडायचा मला अधिकार नाही. मुलाने यंदा दुभती गाय आणली आहे. ती आटली, म्हातारी झाली तरी हे दावे सोडायचे नाही, असे मी त्या माळेखाली उभे राहून त्याच्याकडून कबूल करून घेतले.

परवा फळीवरची आडवी ठेवलेली पायली खाली काढायला गेलो तर मंडळी आतून ओरडली, "अहो, हात लावू नका. चिमणीनं घर केलंय." पाहिले तर खरेच, आत गवताच्या काड्या आणि कोंबडीचे पीस. ज्या मापाने माझ्या आज्याने आयुष्यभर धान्य मोजले, त्यात आता चिमणीचा संसार. माझ्या परवानगीवाचून माझ्या संग्रहातली एक वस्तू तिने कामाला लावली होती.

माउली, आपल्या प्रत्येकाच्या माळ्यावर असे काही ना काही असते. वस्तू असतात, जमिनीचे कागद असतात, जुने राग असतात, कुणी दिलेल्या आणि न दिलेल्या शब्दांचे हिशेब असतात. या चैत्रात माळा झाडायला चढलात तर प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारून पाहा, हे माझे कुणाकडचे येणे आहे, की मी कुणाचे लागतो ते देणे आहे? येणे असेल तर जवळची नदी पाहा. देणे असेल तर उतरून त्या दाराशी जा. आणि दोन्ही नसेल, नुसते रिकामे भांडे असेल, तर त्यात पाणी भरून उंबऱ्याबाहेर ठेवा. दिवस तापत चालले आहेत.

रामकृष्ण हरी!