आधीची वही

कुरुदमध्ये बसून समुद्रावर लिहितो आहे, म्हणजे हसायला मोकळीक आहे. भिलाईच्या या भागात पाणी म्हणजे तळं, फार तर शिवनाथ नदी. पण मुंबईच्या एका मित्राने डिवचलंय. 'ग्रामपंचायत' हा शब्द तो शिवीसारखा उच्चारतो. तेलगळतीची भरपाई किनाऱ्यावरच्या पंचायतींच्या हाती दिली, तर खारफुटीऐवजी स्वागतकमानी उगवतील, हा त्याचा सिद्धांत. पैसा त्यांच्याच खात्यात जावा, हा माझा.

२०१० साल घेऊ. एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपीची विहीर फुटली. ७ ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि रायगडच्या किनाऱ्यापर्यंत गेलं. अमेरिकेने २०१२ मध्ये कायदाच केला: दंडाची ८० टक्के रक्कम आखाती किनाऱ्याच्या निधीत, आणि फ्लोरिडा, लुईझियानात त्यातला ठरलेला वाटा थेट काउंटी-पॅरिशकडे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांच्या भावंडांकडे. आपल्याकडे २०११ मध्ये मुंबईजवळ बुडालेल्या 'रॅक' जहाजाबद्दल हरित लवादाने २०१६ मध्ये १०० कोटी भरायला सांगितले. कुठे? नौवहन मंत्रालयात. दिल्लीला किनारा आहे, हे तेव्हा कळलं.

मित्राचा हुकमी एक्का अलाबामा. तिथे भरपाईतले ५.८५ कोटी डॉलर समुद्रकाठच्या हॉटेलासाठी काढले. प्रकरण कोर्टात गेलं. मान्य. पण बाबा रे, तो उद्योग काउंटीचा नव्हता, राज्य सरकारचा होता!

आणि अशा पैशावरच्या खुर्चीची भांडणं मला शिकवू नयेत. आमच्या भिलाईच्या पोलादभट्ट्यांना लोहखनिज देणारं दल्ली राजहरा शेजारच्या बालोद जिल्ह्यात आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणीच्या पैशातला वाटा जिल्हा खनिज न्यासात जातो. छत्तीसगडने २०१९ मध्ये त्याचं अध्यक्षपद प्रभारी मंत्र्याला दिलं, २०२१ मध्ये केंद्राने ते कलेक्टरकडे परत आणलं. धूळ खाणारा सरपंच त्या खुर्चीसाठी या ओढाताणीत कुणालाच आठवला नाही.

इथवर मी जिंकत होतो. मग आंतरराष्ट्रीय करार वाचायला घेतला आणि पाय घसरला. तेलवाहू जहाजांच्या १९९२ च्या करारात पर्यावरणाच्या हानीची भरपाई आहे, पण बुडालेला नफा सोडला तर ती प्रत्यक्ष केलेल्या किंवा करायच्या वाजवी पुनर्स्थापनेपुरतीच. म्हणजे काय होतं आणि काय गेलं, हे दाखवावं लागणार. ज्या पंचायतीकडे आधीची नोंद नाही, तिने तिजोरीची किल्ली कितीही मागावी, दाखवायला हातात काही नाही. खातं कुणाचं हा माझा प्रश्नच चुकला. वही कुणाकडे, हा खरा.

इथे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आठवतात, आणि त्यांच्यासाठी थोडी जागा अडवतोच. लोकांनी स्वतःच्या परिसरातली झाडं, मासे, पाखरं आणि त्यांचे उपयोग स्वतः नोंदवावेत, हा त्यांचा आग्रह. जैवविविधता कायदा २००२ मध्ये आला आणि स्थानिक संस्थेच्या समितीवर नोंदवहीची जबाबदारी पडली. गाडगिळांच्या कल्पनेत वही म्हणजे माहितीबरोबर मिळणारा अधिकार होता. पुढे लवादाने मुदत घातली: ३१ जानेवारी २०२० नंतर कसूर करणाऱ्या राज्याला महिन्याला दहा लाखांचा दंड. दंडाच्या धाकाने भरलेली वही कशी असते, हे निरीक्षक येण्याच्या आदल्या रात्री गृहपाठ उतरवलेल्यांना सांगायला नको. गाडगिळांना अभ्यास हवा होता. आपण हजेरी घेतली.

मित्राला फोन केला. विचारलं, "तुझ्या घरामागच्या खाडीत २०१० च्या जुलैत कुठले मासे मिळत होते?"

"आमच्या कोळणीला विचारावं लागेल," तो म्हणाला. मी मिशीत हसलो.

"आणि तुमच्या तळ्यात?" त्याने विचारलं.

मी हवामानाचा विषय काढला.