आखडलेला स्नायू आणि गुंगीची गोळी

उसण भरली, मान धरली की मिळणाऱ्या गोळीत वेदनाशामकाच्या जोडीला क्लोरझोक्साझोन किंवा थायोकोल्चिकोसाइड असतं. आखडलेला स्नायू सैल झाला की दुखणं थांबेल, हा त्यामागचा विचार. दुखलं की स्नायू आखडतो, आखडला की आणखी दुखतं: हे चक्र 1942 साली अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. चक्र तोडायचं तर स्नायू सोडवायला हवा, हे कुणालाही पटेल असंच होतं.

ते तोडणारं औषध मात्र भलत्याच शोधात सापडलं. इंग्लंडमध्ये फ्रँक बर्गर पेनिसिलिन टिकवण्यासाठी एखादं रसायन शोधत होते. तपासलेली काही द्रव्यं टोचल्यावर उंदीर लुळे पडले, पण शुद्धीवर होते. 1946 साली बर्गर यांनी त्यांपैकी मेफेनेसिनचा हा परिणाम प्रसिद्ध केला आणि उंदीर शांतही झाल्याचं नोंदवलं. मला ही नोंद सगळ्यात मोलाची वाटते. स्नायू लुळे करणारं क्युरारे चेता आणि स्नायू जिथे जुळतात तिथेच घाव घालतं, म्हणून ते भूलतज्ज्ञाच्या हाती राहिलं. मेफेनेसिन काम करत होतं मज्जारज्जूत आणि मेंदूत; म्हणजे सैलपणाबरोबर गुंगीही आलीच. पुढे बर्गर यांच्याच कामातून मेप्रोबामेट हे चिंताशामक आलं आणि 1959 मध्ये स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल बाजारात आलं. शरीरात कॅरिसोप्रोडॉलचं मेप्रोबामेटच होतं. सवय लागण्याचा धोका पाहून युरोपच्या औषध नियामकाने 2007 मध्ये ते थांबवण्याची शिफारस केली. आपल्याकडे टॅपेन्टाडॉल या वेदनाशामकासोबतचं त्याचं मिश्रण पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जातंय हे उघड झाल्यावर, 2025 मध्ये त्याच्या उत्पादनावर आणि निर्यातीवर बंदी आली.

दरम्यान दुखण्या-आखडण्याचं ते चक्रही डळमळलं. 1991 मध्ये जेम्स लुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुखऱ्या भागाचे स्नायू सतत ताणलेले असतातच असं नाही. हालचाल आवरून शरीर इजा सांभाळत असतं. न्यूयॉर्कमध्ये कंबरदुखीच्या 323 रुग्णांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. नेप्रोक्सेन या वेदनाशामकाला स्नायू सैल करणाऱ्या सायक्लोबेन्झाप्रिनची जोड देऊन आठवड्यानंतर जास्तीचा फायदा दिसला नाही.

मज्जारज्जूला इजा होऊन पाय ताठरतात, तिथली गोष्ट निराळी. चेतासंस्थेचा लगामच तुटलेला असतो आणि स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन खरोखर उपयोगी पडतं. घोट्याच्या मुरगळीला तोच न्याय लावणं मला चुकीचं वाटतं. पहिल्या एकदोन रात्री झोप लागावी म्हणून गोळी दिली तर समजू शकतं, पण मग ती झोपेसाठी आहे हे रुग्णाला कळायला हवं. सत्तरीतल्या माणसाला ती देणं तर जपूनच: रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलं, तर मूळची लचक परवडली म्हणायची वेळ येते. चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांनी एवढं विचारावं: सकाळी रिक्षा, ट्रक, दुचाकी चालवायची आहे का? रात्री किती वेळा उठावं लागतं? दारू घेता का? झोपेची दुसरी गोळी चालू आहे का?