एलियाचे काम गेले नाही



राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्टा रानात एका रतामाच्या झुडपाखाली एकटाच बसलेला दिसतो. थोड्याच दिवसांपूर्वी कार्मेल डोंगरावर राजासमोर निर्भयपणे उभा राहिलेला हा माणूस आता देवाकडे मरण मागत आहे.

देव काय करतो? विश्वास कमी पडला म्हणून तो एलियाला रागावत नाही. दूताच्या हातून भाकर व पाणी पाठवतो, त्याला झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेब डोंगरावर त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतो. मग राजांना अभिषेक करण्याचे काम त्याच्यावर सोपवतो आणि सोबतीला अलीशा देतो. एलिया खचला, पण देवाने त्याला सेवेतून काढले नाही.

आपल्यापैकी कितीतरी जण रोज लोकलने कामाला जातात. कुणाला नैराश्य असते, कुणाला स्किझोफ्रेनिया. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो, ही गोळी मात्र लपवून घ्यावी लागते. साहेबांना कळले तर नोकरी जाईल, ही भीती असते.

या भीतीत कायदा आपल्या बाजूने आहे, हे आपण जाणून घेतले पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजारामुळे येणाऱ्या दिव्यांगत्वाचाही समावेश आहे. सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर त्या कारणाने कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. खाजगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले, की मानसिक दिव्यांगत्वातून घडलेल्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हाही भेदभावच आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचारांची माहिती गुप्त राखली जाते आणि आरोग्य विम्यातही शरीराच्या व मनाच्या आजारात फरक करता येत नाही.

पण कायदा कागदावर राहतो. शेजारच्या टेबलावर आपण असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात शिकवले, की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. आपल्यापैकी जे अधिकारी, मुकादम वा दुकानमालक आहेत, त्यांनी आजारी सहकाऱ्याला उपचारासाठी रजा द्यावी, काही दिवस रात्रपाळी टाळू द्यावी. जे सहकारी आहेत, त्यांनी पाठीमागे ‘वेडा’ म्हणणे सोडावे आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ बसावे. आणि जे स्वतः झुडपाखाली बसले आहेत, त्यांनी एकटे राहू नये. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. प्रार्थना करू या आणि डॉक्टरांकडेही जाऊ या. देवाने एलियाला आधी भाकर दिली, हे विसरू नये.

हे प्रभू, खचलेल्यांना विसावा दे, त्यांचे काम त्यांना परत दे आणि त्यांच्या सोबतीला आम्हाला पाठव. आमेन.