जन्माच्या दिवशी कीव कोणी केली?

शास्त्रभाग : यहेज्केल 16:4-6

यहेज्केल संदेष्ट्याने यरुशलेम नगरीची कुळकथा एका टाकून दिलेल्या तान्ह्या मुलीच्या रूपाने सांगितली आहे. जन्माच्या दिवशी तिची नाळ कोणी कापली नाही, तिला धुतले नाही, मीठ चोळले नाही, बाळंत्यात गुंडाळले नाही; तिची कीव कोणास आली नाही, आणि ती उघड्या रानात पडली. वाचकहो, सुईण जी कामे घटकाभरात उरकते, तीच संदेष्ट्याने येथे एकेक करून मोजली, व ती झाली नाहीत यालाच निर्दयपणा म्हटले. (मीठ चोळणे ही त्या देशाची त्या काळची चाल होती, आपल्या भगिनींनी ती उचलू नये.)

पाचवीच्या रात्री सटवाई येते व बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती. सुवार्ता आली आणि आपल्या घरांतून पाचवीची पूजा गेली; परंतु तो लेख पुष्कळ घरांतून अद्याप गेला नाही, असे आम्हास दिसते. मूल चौथ्या दिवशी दगावले, तर पूर्वी म्हणत की सटवाईने तेवढेच लिहिले होते. आता म्हणतात, देवाची मर्जी. ईयोबाने, देवाने दिले व देवाने नेले, असे म्हटले खरे. पण ज्याची लेकरे गेली असा तो बाप होता. जिची कूस रिती झाली त्या मातेने हे शब्द उच्चारावे, व आपण तिच्याजवळ बसून ते मुकाट्याने ऐकावे. मूल दूध ओढीत नाही हे ज्यांनी दोन दिवस पाहिले व स्वस्थ राहिले, त्यांनी ते तोंडी घेऊ नयेत.

असले मरण लिहिलेले नसते, याची साक्ष गडचिरोली जिल्ह्यात आहे. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतून गावच्याच थोड्या शिकलेल्या स्त्रिया निवडल्या, व 1995 पासून त्यांस तान्ह्या बाळांची घरोघर काळजी घेण्यास शिकविले. बाळाचे वजन करावे, त्यास ऊब द्यावी, आईला पाजण्यास साह्य करावे, श्वास अडला तर तो चालू करावा, जंतूंचा विकार वेळीच ओळखून औषध द्यावे, एवढे त्यांचे काम. तिसऱ्या वर्षी त्या गावांत दर हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात मरणारी बाळे सुमारे 25 होती; जवळच्या ज्या गावांत हे काम नव्हते तेथे सुमारे 60. दोहींकडे रान तेच आणि दारिद्र्यही तेच. मग सटवाई शिवेवरच कशी थांबली?

आपल्याच विश्वासाचे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडास काम आरंभिले, तेव्हा त्यांनीही गावच्याच स्त्रियांवर भिस्त ठेवली. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, आणि कित्येकी अशा समाजातील होत्या की ज्यांना गाव आपल्या विहिरीवर येऊ देत नसे.

आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. परंतु दोन-तीन दिवसांत बाळ घरी येते, आणि घरच्या रीतीच्या हाती सापडते. पहिले दूध, ज्यास चीक म्हणतात, ते जड म्हणून पिळून टाकतात व बाळाला बोटाने मध चाटवतात. गाईच्या चिकाचा खरवस सारे घर आवडीने खाते, आणि लेकराला मात्र स्वतःच्या आईचा चीक वर्ज्य! रोगांपासून राखणारे असे दुसरे काही त्याला मिळावयाचे नाही. जन्मल्यावर तासाभरातच ते पाजावे. पुढे सहा महिने आईचेच दूध द्यावे. पाणी नको, गुटीही नको. पहिली आंघोळ निदान एक दिवस लांबवावी, व बाळास आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे. नाळेवर राख, शेण, हळद, तेल, काहीच लावू नये. ती कोरडी राहू द्यावी. लूक शुभवर्तमानकाराने प्रभूच्या जन्मानंतर मरीयेचे पहिले काम लिहिले, तेही बाळंत्याने गुंडाळण्याचेच.

आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत अनेक वेळा घरी येतात. त्यांना ओट्यावरूनच वाटेस लावू नये.

उपदेशक बंधूंनी बाप्तिस्म्याची तारीख ठरण्याची वाट न पाहता तिसऱ्याच दिवशी त्या घरी जावे. सासूबाईंशी आदराने बोलावे; बहुधा घरातला निर्णय त्यांचाच असतो. प्रार्थनेपूर्वी विचारावे की, बाळ दूध ओढते काय? अंग गार लागते काय? श्वास मिनिटास 60 किंवा अधिक चालतो काय? तळहात-तळपाय पिवळे दिसतात काय? यांतील एकाही गोष्टीचा संशय आला, तर 102 किंवा 108 या क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि प्रार्थना वाटेत करावी. बाळाचा बाप शेतावर गेला असेल, तर त्याच्यासाठी थांबू नये.