सब्र, मौन आणि न्यायाची मागणी

एखाद्या महाविद्यालयात मुलीवर अत्याचार होतो, तिचे सहाध्यायी न्याय मागण्यासाठी रस्त्यावर उतरतात, आणि आपल्या घरांतून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘सब्र करा, अल्लाह पाहून घेईल.’ दुसरे, ‘अब्रूची गोष्ट आहे, चव्हाट्यावर कशाला आणायची?’ बोलणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. मुलीची काळजी, घराण्याचे नाव, पुढच्या सोयरिकीची चिंता, असे बरेच काही त्यामागे दडलेले असते. परंतु ही वाक्ये धर्माच्या नावाने उच्चारली जातात, म्हणून धर्म खरोखर तसे सांगतो काय, हे तपासून पाहणे भाग आहे.

पवित्र कुरआनातील सूरह अन्-निसाची १४८ वी आयत या बाबतीत फार बोलकी आहे. वाईट गोष्टीचा उघड उच्चार अल्लाहला पसंत नाही. मात्र ज्याच्यावर जुलूम झाला आहे त्याला या नियमातून वगळलेले आहे, असा तिचा आशय. जो धर्म चहाडी, निंदा आणि दुसऱ्याचे दोष उघड करण्याची सवय यांचा इतका कठोर निषेध करतो, त्याच धर्माने पीडिताच्या तोंडावर हात ठेवलेला नाही. त्याने मोठ्याने बोलावे, चारचौघांत बोलावे, ही मुभा खुद्द अल्लाहने दिली आहे. ती काढून घेण्याचा अधिकार कुटुंबातील वडीलधाऱ्यांना, मोहल्ल्याच्या पंचांना किंवा महाविद्यालयाच्या प्राचार्यांना कोठून मिळाला?

आणि सब्र? अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. एक मनुष्य शेजाऱ्याच्या त्रासाची तक्रार घेऊन आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. प्रेषितांनी त्याला सब्र करण्यास सांगितले. तो पुन्हा आला. दोन-तीन वेळा असे झाल्यावर प्रेषितांनी सांगितले की, जा आणि आपले सामान रस्त्यावर आणून ठेव. त्याने तसे केले. येणारे-जाणारे विचारू लागले, तो हकीकत सांगू लागला, आणि लोक त्या शेजाऱ्याला दूषणे देऊ लागले. अखेर शेजारी स्वतः आला व म्हणाला की घरी परत चल, यापुढे माझ्याकडून त्रास होणार नाही. हा साधा शेजाराचा तंटा होता. तरीही सब्राचा उपदेश कोठे थांबतो आणि रस्ता कोठे सुरू होतो, हे प्रेषितांनीच दाखवून दिले. आजच्या भाषेत त्या माणसाच्या कृतीला निदर्शन म्हणतात.

आता कोलकात्याकडे वळू. ९ ऑगस्ट २०२४ रोजी आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाच्या सेमिनार हॉलमध्ये ३१ वर्षांच्या एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरचा मृतदेह आढळला. तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला होता. प्रदीर्घ ड्युटीनंतर ती तेथे विश्रांतीसाठी गेली होती. एफआयआर दाखल व्हायला रात्र उजाडली, आणि या विलंबाबद्दल पुढे सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली. प्राचार्यांनी १२ ऑगस्टला राजीनामा दिला आणि त्याच दिवशी त्यांची दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयात नेमणूक झाली. उच्च न्यायालयाने त्यांना रजेवर जाण्यास सांगितले आणि १३ ऑगस्टला तपास सीबीआयकडे सोपविला. १४ ऑगस्टच्या रात्री बंगालमधील हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. निवासी डॉक्टरांचे आंदोलन देशभर पसरले. आपल्याकडे ‘मार्ड’चे डॉक्टरही संपावर गेले. जानेवारी २०२५ मध्ये आरोपी दोषी ठरला आणि त्याला जन्मठेप झाली. न्यायाधीशांनी १७ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा मुलीचे आईवडील म्हणाले की आम्हाला पैसे नकोत, न्याय हवा. विद्यार्थी गप्प बसले असते तर या क्रमातील किती गोष्टी घडल्या असत्या, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

या आंदोलनाची एक बाजू मात्र मनाला टोचते आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संप ४२ दिवस चालला. या काळात उपचारांअभावी २३ रुग्ण दगावले, असे राज्य सरकारने न्यायालयात सांगितले. वरिष्ठ डॉक्टर काम करीत होते, असे आंदोलकांचे म्हणणे होते, आणि त्यांनी रुग्णांसाठी ‘अभया क्लिनिक’ही चालविली. कोणाचा हिशेब बरोबर, हा वाद बाजूला ठेवू. एका जिवाच्या न्यायासाठी दुसऱ्या गरीब जिवाची अमानत पणाला लावता येते काय? माझ्या मते येत नाही. न्याय मागणाऱ्याचा हक्क मोठा आहे, पण सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात चटईवर पडलेल्या रुग्णाने त्याचे काही बिघडवलेले नसते. पुढे ऑक्टोबरमध्ये काही डॉक्टरांनी आमरण उपोषण केले. देह ही अल्लाहची ठेव मानणाऱ्याला तो मार्गही स्वीकारता येणार नाही. परंतु हे आक्षेप मार्गाविषयी आहेत. जे लोक मार्गातील चूक दाखवून मागणीच निकालात काढतात, त्यांच्यापासून सावध राहिले पाहिजे.

आपल्या समाजात याहून मोठा अडथळा एका गैरसमजाचा आहे. ‘चार साक्षीदार कोठे आहेत?’ हा प्रश्न पीडितेला विचारला जातो, आणि तोही शरीअतच्या नावाने. सूरह अन्-नूरच्या चौथ्या आयतीतील चार साक्षीदारांची अट शीलवान स्त्रियांवर व्यभिचाराचा आळ घेणाऱ्यांसाठी आहे. स्त्रीच्या अब्रूभोवती उभारलेली ती भिंत आहे. तीच भिंत उलटी फिरवून जखमी मुलीला तिच्याआड कोंडणे म्हणजे ईशवाणीचा विपर्यास होय. पाकिस्तानात १९७९ च्या हुदूद अध्यादेशाने व्यभिचार आणि बलात्कार एकाच कायद्यात गुंफले. त्याचे चटके अनेक स्त्रियांनी सोसले आणि २००६ मध्ये तो कायदा बदलावा लागला. बाराव्या शतकातील अंदलुसचे काझी इब्नुल अरबी यांच्यासमोर असा एक खटला आला होता. दरोडेखोरांनी एका काफिल्यातून स्त्रीला बळाने पळवून नेले होते. काही मुफ्ती म्हणाले की माल लुटलेला नाही, तेव्हा हा दरोडा नव्हे. काझी साहेब संतापले. माल गेलेला लोकांना चालेल, पण पत्नी किंवा कन्या गेलेली चालेल काय, असा त्यांचा सवाल होता.

तिर्मिजी आणि अबू दाऊद यांनी ह. वाइल बिन हुज्र (रजि.) यांच्याकडून नोंदविलेली एक हदीस प्रत्येक घरात वाचली जावी असे वाटते. एक स्त्री नमाजसाठी घराबाहेर पडली. वाटेत एका माणसाने तिच्यावर अत्याचार केला. ती ओरडली, तो पळाला. लोकांनी तेथून जाणाऱ्या एकाला पकडले आणि स्त्रीनेही हाच तो, असे सांगितले. शिक्षेचा हुकूम होणार तोच खरा गुन्हेगार उठला व त्याने कबुली दिली. प्रेषितांनी त्या स्त्रीला धीर दिला, अल्लाहने तुला क्षमा केली आहे, असे सांगून पाठविले, आणि चुकून पकडलेल्या माणसाशीही चांगले शब्द बोलले. हदीसतज्ज्ञांनी शिक्षेच्या तपशिलावर चर्चा केली आहे, पण आपल्या प्रश्नाला आवश्यक तेवढे येथे स्पष्ट आहे. तू घराबाहेर का पडलीस, असे तिला विचारलेले नाही. तिच्याकडे साक्षीदार मागितलेले नाहीत. एवढेच नव्हे, माणूस ओळखण्यात तिची चूक झाली तरी खोट्या आरोपाचा ठपका तिच्यावर आलेला नाही.

त्याच हदीसमध्ये जमावासाठीही इशारा आहे. धावून जाणारे सगळे प्रामाणिक होते, तरी हातात सापडलेला माणूस निरपराध निघाला. ऑगस्ट २०२४ मध्येच बदलापूरच्या एका शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. संतप्त पालकांनी रेल्वे रोखली, ‘फाशी द्या’ अशा घोषणा झाल्या. २३ सप्टेंबरला तो आरोपी खटला चालण्याआधीच पोलिसांच्या गोळीने मेला. पेढे वाटले गेले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला ५ पोलिसांना जबाबदार धरले. तो दोषी होता की नव्हता, त्याच्या पाठीशी आणखी कोणी होते काय, या प्रश्नांचा त्याच्यापुरता निकाल आता कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. न्याय मागणाऱ्याने न्यायालयाचा दरवाजा उघडा ठेवण्याचाही आग्रह धरला पाहिजे. सूरह अल्-माइदाची आठवी आयत तर शत्रूच्या बाबतीतही न्याय सोडू नका असे बजावते.

रस्त्यावर येण्याची वेळ बहुधा तेव्हाच येते, जेव्हा कार्यालयातील कान बंद असतात. जुलै २०२५ मध्ये ओडिशातील बालासोर येथे एका विद्यार्थिनीने आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध छळाची तक्रार केली होती. दाद मिळत नाही हे पाहून तिने महाविद्यालयातच स्वतःला पेटवून घेतले आणि दोन दिवसांनी ती मरण पावली. २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार समिती असणे बंधनकारक आहे, चौकशी ९० दिवसांत संपविणे बंधनकारक आहे, आणि २०१५ च्या यूजीसी नियमांनुसार विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असावे लागतात. आपण मुलीला प्रवेश घेताना फी, वसतिगृह, बुरख्याची मुभा, सगळे विचारतो. या समितीत कोण आहे, हे किती पालक विचारतात?

आपले तरुण आणखी एक शंका काढतात. आंदोलनाचे नेते दुसरे, झेंडे दुसरे, पीडिताही आपल्यातली नाही. मग आपण जावे काय? येथे मक्केतील ‘हिल्फुल फुजूल’ आठवावा. प्रेषितत्व मिळण्यापूर्वीची गोष्ट. येमेनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल आस बिन वाइल या कुरैशी सरदाराने घेतला आणि पैसे बुडविले. परका माणूस, शहरात ना गोत ना पाठीराखा. तो अबू कुबैसच्या डोंगरावर चढला आणि काबागृहाभोवती बसलेल्या कुरैशांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने आपली कैफियत मांडली. तेव्हा काही घराण्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमले. पीडित मक्केचा असो वा बाहेरचा, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या बाजूने उभे राहू, असा त्यांनी करार केला. त्यांत मूर्तिपूजक होते, आणि तरुण मुहम्मद (स.) हेही होते. पुढे प्रेषित झाल्यावरही ते सांगत की, इस्लामच्या काळात मला त्या करारासाठी हाक आली तरी मी जाईन. करार करून ती मंडळी उठली, थेट आस बिन वाइलच्या दारी गेली आणि त्याच्याकडून माल काढून घेऊन त्यांनी तो त्या परदेशी माणसाच्या हवाली केला.