अर्धी पेटी

गेल्या उन्हाळ्यात नात पुण्याहून आली ती पाठीला काळी पिशवी अडकवून. एस.टी.तून उतरली तेव्हा मला वाटलं, आत बॅट असेल. घरी येऊन चेन उघडली तर एवढंसं वाद्य निघालं. तान्ह्या पोराला मांडीवर घ्यावं एवढंच. युकुलेली म्हणे त्याचं नाव. चार तारा, त्यासुद्धा धातूच्या नाहीत, नायलॉनच्या. मासे धरायच्या गळाला असते तसली दोरी. आमच्या मंडळींनी चुलीपासूनच बघितलं आणि म्हणाल्या, "गिटारीला पिल्लू झालं व्हय गं?"

नातीनं ते छातीशी धरलं. सगळ्यात खालच्या तारेवर तिसऱ्या घरात एक बोट दाबलं आणि दुसऱ्या हातानं चारी तारांवरून नख फिरवलं. गोड आवाज आला. "हा सी," ती म्हणाली. मग दोन बोटं दुसरीकडं, "हा एफ." मग तीन बोटं, "हा जी सेव्हन. झालं. एवढ्या तीनवर ढीगभर गाणी येतात, आबा." आणि तिनं लहान पोरांचं एक गाणं म्हणून दाखवलंसुद्धा. आठ महिन्यांत मोबाईलवर बघून शिकली होती. तीन ठिकाणी बोटं ठेवायची आणि गायचं. मी पेटीवर पहिलं गाणं वाजवलं तेव्हा मला दीड वर्ष लागलं होतं, त्यामुळं खरं सांगायचं तर मला जरा राग आला.

चौथ्या दिवशी आळीतली सहा-सात पोरं ओट्यावर जमलेली. नात मला म्हणाली, "आबा, दुपारी देवळाच्या सभामंडपात ह्यांना शिकवू का? मला तीनच कॉर्ड येतात, पण तेवढे शिकवीन."

मी उत्तर दिलं नाही. टोपी घातली आणि रानात गेलो. रानात त्या दिवशी काही काम नव्हतं. बांधावर बसून राहिलो.

का गेलो ते सांगतो. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नव्हती.

आमच्या गावात पेटी शिकवणारा माणूस कधीच नव्हता. एक म्हातारे बुवा होते, त्यांना वाजवता येत होती. तेही कुठल्या शाळेत शिकलेले नव्हते. तरुणपणी एका तमाशाच्या फडात पेटीवाल्याच्या शेजारी बसून बघून बघून शिकलेले. मी १९७६ साली दहावी झालो, पुढं शिकायची ऐपत नव्हती, औत हातात आलं. रात्री भजनाला जायचो. बुवांनी पेटीच्या पट्ट्यांवर चुन्याचे ठिपके दिले आणि सांगितलं, "हितनं हितं, मग हितं." सा रे ग म हे शब्द मला पुढं कित्येक वर्षांनी कळले. बुवा पहिल्या दोन बोटांनी वाजवायचे, म्हणून मीही दोन बोटांनी. अंगठा हवेत. हाताला अंगठा का दिलाय, असा प्रश्न मला पेटीवर कधी पडला नाही.

बुवा गेले आणि पेटी माझ्याकडं आली. मला किती येत होतं? अभंगाच्या वीसेक चाली, एक गौळण, आरती. गवई वर गेला की मी त्याच्या मागं मागं धावायचो आणि बहुतेक वेळा उशिरा पोचायचो. पण गावात दुसरं कोण होतं? मग पोरं यायला लागली. मी चुना कालवला आणि ठिपके दिले.

त्या पोरांत सुताराचा धाकटा होता. त्याचं नाव लिहीत नाही. दहा-अकरा वर्षांचं पोर, पण कान असा की मी चाल एकदा वाजवली की त्याच्या बोटात यायची. तीन वर्षांत माझ्याकडचं सगळं संपलं. मग मी काय केलं? "आता मला येत नाही, पुढं दुसरीकडं जा," असं म्हणालो का? नाही. येत नव्हतं तेही शिकवलं. रेडिओवर ऐकलेल्या चाली अंदाजानं बसवल्या आणि ठणकावून सांगितलं की हे असंच आहे. भैरवीत कुठला सूर खालचा घ्यायचा ते मला नीट माहीत नव्हतं, एक पट्टी मी कायम चुकीची दाबायचो. त्याच्या कानाला ते खटकायचं. एकदा म्हणालाही, "तात्या, हितं काळी लागंल का?" मी म्हणालो, "तू मला शिकवू नगस."

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. मी तर पाव हळकुंडावरच झालो होतो.

पोरगा मोठा झाला, कामाला पुण्याला गेला, आणि पहिल्या पगारातून एका क्लासात नाव घातलं. वर्ष-दीड वर्षानं सप्ताहाला गावी आला. मी पेटी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं हात लावला नाही. रात्री देवळामागं पारावर मला एकट्याला म्हणाला, "तात्या, राग मानू नका. तिथल्या सरांनी माझा हात बघितला आन् म्हणले, आधी हे समदं विसर. दोन बोटांची सवय मोडता मोडंना. कोरी पाटी आणली असतीस तर सहा महिन्यांत झालं असतं, म्हणले." जरा थांबून म्हणाला, "मी सोडला क्लास."

त्यानंतर अकरा वर्षं मी कुणालाही पेटी शिकवली नाही.

ते सर शहाणे होते का, हा वेगळा प्रश्न. मला वाटतं, ज्याला शिकवता येतं त्यानं असं बोलू नये. वाकडं रोप दिसलं की काठी लावून बांधतात. "सरळ का आलं नाहीस," असं त्याला विचारत बसत नाहीत. पण ते माझ्या दोषावर पांघरूण झालं. दोष माझा होता तो होताच.

बांधावर बसून मी हेच घोळत होतो. आपल्याला अर्धंच येतं, तर शिकवावं का?

शेतीत तर ह्याला उत्तर सोपं आहे असं आधी वाटलं. एकदा एका शहाण्याच्या सांगण्यावरून मी कांद्यावर तणनाशक मारलं होतं. त्यालाही अर्धंच माहीत होतं. प्रमाण चुकलं आणि दोन एकर पिवळं पडलं. तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या, की येत नाही तर तोंड उघडू नये. पण कांदा पुढच्या वर्षी पुन्हा आला. पोराची बोटं पुन्हा आली नाहीत. म्हणजे माझं नुकसान त्याच्याहून मोठं, आणि तरी मी काही विष विकत नव्हतो, भजन शिकवत होतो. हे गणित मला अजून नीट सोडवता आलेलं नाही.

आता दुसरी बाजू. त्या अकरा वर्षांत पेटीचं काय झालं? मी शिकवणं बंद केलं म्हणून गावात कुणी चांगला शिक्षक उगवला नाही. गुरुवारचं भजन आधी पंधरवड्यावर गेलं, मग एकादशीपुरतं उरलं. देवळात भोंगा आला, त्यातून कॅसेटवरचा मोठा गवई गायला लागला आणि माणसं घरी बसून ऐकायला लागली. पेटी देवळाच्या खोलीत पडली. एका पावसाळ्यात उघडून बघतो तर उंदरांनी भाता कुरतडलेला. माझ्या चुकीच्या चालीनं एक पोर बिघडलं, हे खरं. पण माझ्या मुकेपणानं किती पोरांच्या हाताला पेटीच लागली नाही, त्याचा हिशेब कुणी मला विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नव्हता. चूक केली की ती डोळ्यांपुढं उभी राहते, न केलेल्या कामाला तोंड नसतं.

आणि पेटीचंच बघा. ती तरी कुठं पुरी आहे? मूळची ती परदेशी, आपल्या लोकांनी तिला मांडीपुढं बसवली. तिचे सूर ठोकून बसवलेले. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, मींड म्हणतात ती, तसं पेटीला जमत नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुती तिच्यात नाहीतच. म्हणून तर १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर तिला बंदी होती. रवींद्रनाथ टागोरांनाही ती आवडत नव्हती. जाणत्यांचं बरोबरच होतं, पेटी गाण्यातलं अर्धंच दाखवते. पण ती एकतीस वर्षं देवळांनी, कीर्तनकारांनी, नाटकवाल्यांनी, तमाशाच्या फडांनी जाणत्यांची परवानगी घेतली नाही. त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस आपल्या कोल्हापुरात होऊन गेला. अर्ध्या वाद्यावर पुरं काम करणारी माणसं असतात, आणि माझ्यासारखीही असतात.

संध्याकाळी घरी आलो. नात ओट्यावरच होती, रुसलेली. मी तिच्याजवळ बसलो आणि सुताराच्या पोराची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, "तू मला शिकवू नगस" ह्या वाक्यासकट. तिची आजी आतून ऐकत होती, तिलाही ते पहिल्यांदाच कळलं.

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आबा, तुम्हाला वीस चाली येत होत्या त्याचा घोटाळा नाही झाला. एकविसावी येते म्हणालात, त्याचा झाला."

मला ते लगेच पटलं नाही. दोन बोटांचं काय? ती तर पहिल्या चालीपासून चूकच होती, आणि ती चूक आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं. जे माहीत आहे की आपल्याला येत नाही, ते सांगता येतं. जे माहीतच नाही ते कसं सांगणार? पहिलं तास वाकडं गेलं की मागची सगळी तासं त्याच्या मागं वाकडीच जातात, आणि पाभर धरणाऱ्याला मात्र आपण सरळच चाललोय असं वाटत असतं. हे मी तिला म्हणालो. तिच्याकडंही उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "मग रोज मोबाईलवर शिकवणाऱ्या बाईंचा हात पोरांना दाखवीन. माझा बघू नका, त्यांचा बघा म्हणीन." मी म्हणालो, "शिकव जा."

दुसऱ्या दिवसापासून सभामंडपात वर्ग भरला. युकुलेली एक आणि पोरं सात. ज्याची पाळी नसेल त्यानं टाळी धरायची. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "मला तीनच कॉर्ड येतात. चौथा विचारलात तर मी नाही म्हणणार." एक कार्टं लगेच म्हणालं, "मंग चौथा कुणाकडं?" ती म्हणाली, "ते आपण सगळे मिळून शोधू." पहिले दोन दिवस बोट कुठं लावूच दिलं नाही, नुसत्या मोकळ्या तारा छेडायच्या आणि ताल सोडायचा नाही. मग एका बोटाचा सी. पोरांची बोटं लहान, तारा मऊ, त्यामुळं दाबायला त्रास नाही. तीनही कॉर्ड बसले, पण एकावरून दुसऱ्यावर जाताना गाणं थांबायचं. पोरं थांबायची, बोटं शोधायची, मग पुढची ओळ. नात म्हणायची, हळू गा, पण थांबू नका. बुवांनी मला हेच सांगितलं होतं, जरा शिवी घालून.

मी खांबाला टेकून बघत होतो. एकदा पोरांनी हट्ट केला, देवळातली भैरवी बसवा म्हणून. बसेना. ती तीन कॉर्डं त्या चालीखाली घातली की कानात खडा गेल्यासारखं व्हायचं. नात म्हणाली, "हे मला येत नाही." किती सहज म्हणाली! मला ते वाक्य म्हणायला सारं आयुष्य लागलं.

मग मला एक गंमत सापडली. उंदरांनी खाल्लेला भाता मी रबरी पट्टीनं कसाबसा जोडून पेटी बाहेर काढली होती. तिच्या चार मोकळ्या तारा पेटीवर लावून बघितल्या. पांढरी एकचा सा धरला तर तारा निघाल्या प, सा, ग आणि ध. म्हणजे भूपाचे पाचातले चार सूर त्या खेळण्यात बोट न लावताच बसलेले! राहिला रे. तो सा-च्या तारेवर दुसऱ्या घरात सापडला. मी नातीला हाक मारली. त्या दुपारी आम्ही पोरांना सा रे ग प ध शिकवलं, तिनं तारेवर आणि मी पेटीवर, सुटं सुटं. माझी दोन बोटं मी मुद्दाम पोरांना दाखवली आणि म्हणालो, "असं वाजवायचं न्हाई. मी चुकीचा शिकलोय. सूर तेवढे ऐका."

रात्री नातीनं मोबाईलवर वाचून दाखवलं की हे वाद्य हवाई बेटांवर जन्मलं. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यात राबायला मजुरांची एक बोट तिथं आली. त्यांच्याबरोबर त्यांचं लहानसं तारांचं वाद्य होतं, त्यावरून हे घडलं. घडवणारे त्याच बोटीतले सुतारकाम करणारे लोक. ऊस आणि सुतार हे दोन शब्द ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही.

दिवाळीला सुताराचा पोरगा गावी आला. आता त्याच्या कानशिलावर केस पांढरे झालेत. त्याचं लेकरू सहा वर्षांचं. देवळात पाया पडायला आले तेव्हा पेटी बाहेरच होती. लेकरानं पट्टी दाबली, भात्यात हवा नव्हती, आवाज आला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या बापाकडं बघितलं.

"दाखवू का?" मी विचारलं. कुणाला पेटी दाखवायला मी कधी परवानगी मागितली नव्हती.

बाप थोडा वेळ उभाच राहिला. मग पायातल्या चपला काढून आत आला, मांडी घालून बसला आणि लेकराचा अंगठा धरून पांढरी एकवर ठेवला.

"अंगठा आधी, तात्या," तो म्हणाला. "तुम्ही भाता मारा."

मी भाता धरला.